केशरी कार्ड, पण शिक्का नाही: लॉकडाउनमध्ये तुमच्या घरी चूल कशी पेटली?

अनघा_पुणे · २४ मार्च २०२५, रात्री १०:४२

काल माळ्यावरची पेटी काढली आणि तळाशी २०२० सालचं कॅलेंडर सापडलं. आमच्याकडे दूध, गॅस, वाण्याची उधारी, सगळं कॅलेंडरच्या चौकटीत लिहायची पद्धत आहे. त्यामुळे ते कॅलेंडर म्हणजे आमच्या घराचा त्या वर्षीचा हिशोबच निघाला.

२२ मार्चला 'जनता कर्फ्यू' लिहिलंय. २५ ला पाडवा होता. लॉकडाउनचा तोच पहिला दिवस. त्या दिवशी गुढीला साखरेची गाठी मिळाली नव्हती, हे मी पार विसरून गेले होते. एप्रिलच्या पानावर 'तूरडाळ १ किलो, तेल १, साखर २' असं आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात 'डाळ अर्धा' लिहून त्यावर काट मारलीय आणि बाजूला 'पाव'. १९ मेच्या चौकटीत फक्त 'मीठ, चहापूड'. त्यापुढे जूनच्या मध्यापर्यंत वाण्याची एकही नोंद नाही. उधारी वाढली होती. वाणी चांगला माणूस, पण त्यालाही पुढे पैसे भरायचे होते.

आमच्या घरात चार माणसं. नवऱ्याची स्कूल व्हॅन, मी ब्लाऊज शिवते, सासूबाई आणि तेव्हा नऊ वर्षांची मुलगी. शाळा बंद म्हणजे व्हॅन बंद. लग्नं पुढे गेली म्हणजे ब्लाऊज बंद. व्हॅनचा हप्ता मात्र डोक्यावर होताच.

आमचं रेशन कार्ड केशरी, आणि त्यावर स्वस्त धान्यासाठी लागणारा अन्नसुरक्षेचा शिक्का नाही. अन्नसुरक्षेचा कायदा आपल्याकडे २०१४ च्या फेब्रुवारीत लागू झाला, तेव्हा नवरा एका कंपनीत कामाला होता. शहरात शिक्क्यासाठी वर्षाची मर्यादा ५९,००० रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. आम्ही वर होतो, नाव लागलं नाही. ते मला तेव्हाही मान्य होतं आणि आजही आहे. पण २०२० साली आमची मिळकत महिन्याला शून्य होती, आणि कार्ड सांगत होतं २०१४ ची.

एप्रिलमध्ये शिक्केवाल्यांना माणशी पाच किलो तांदूळ मोफत सुरू झाला. पुढे राज्य सरकारनं आमच्यासारख्यांना मे-जूनसाठी माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी जाहीर केला. चौघांचे १९२ रुपये. ते मी डब्यात वेगळे काढून ठेवले होते. दुकानात गेले तर कळलं, 'तुमचं कार्ड ऑनलाइन नाही, बारा अंकी नंबर नाही.' मेचं धान्य गेलं. जूनचं मिळालं.

आता जे सांगायचंय ते पाच वर्षांत कोणाशी बोलले नाही. त्या उन्हाळ्यात माझे उपवास वाढले. आधी फक्त चतुर्थी होती. मग सोमवार, गुरुवार, शनिवार सुरू झाले. साबुदाण्याचे नव्हेत, नुसत्या चहावरचे. नवरा रोज रात्री म्हणायचा, 'दुपारचंच अजून पचलं नाही.' दोघांनाही कळत होतं, पण बोललो नाही. एका गुरुवारी सासूबाई म्हणाल्या, "अगं, कोणता उपवास देवासाठी आणि कोणता पिठाच्या डब्यासाठी, ते देवालाही कळतं." आणि त्यांनी स्वतःच्या ताटातली अर्धी पोळी माझ्यापुढे सरकवली.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशी धुणीभांडी करतात. त्यांच्या कार्डावर शिक्का होता. एकदा रात्री नऊच्या सुमारास त्या पिशवी घेऊन वर आल्या. वर ब्लाऊजपीस ठेवलेलं, शिवायला टाकतायत असं कोणालाही वाटावं. खाली चार किलो तांदूळ. त्यांची सगळी कामं सुटली होती, आणि माझी लाज राखायला त्या वर कापड ठेवून आल्या होत्या.

मला इथे लोकांचे अनुभव हवे आहेत. दुसऱ्यांना किती धान्य वाटलंत ते नको, त्याचे फोटो तेव्हा भरपूर पाहिले. तुमच्या स्वतःच्या घरात काय शिजत होतं, काय संपलं, कोण कमी जेवलं, ते लिहा. आजाराचे आकडे रोज संध्याकाळी टीव्हीवर यायचे. याची नोंद कुठेच झाली नाही.

---

गोदाकाठ · २४ मार्च, रात्री ११:२०

ताई, वाचून गप्प बसलोय. उद्या सविस्तर लिहितो.

---

शिधावाटप_सातारा · २५ मार्च, सकाळी ७:०५

अनघाताई, मी रेशन दुकान चालवतो. वडिलांपासून दुकान आहे. तुमच्या दुकानदारानं तुम्हाला जे सांगितलं ते मी किती जणांना सांगितलं असेल, याचा हिशोब माझ्याकडे नाही. म्हणून थोडं आतून लिहितो.

लोकांना वाटतं दुकानदार शिक्का देतो. शिक्का तहसीलला ठरतो आणि तिथे आड येतो तो 'इष्टांक'. राज्याला किती माणसांचं धान्य मिळणार याची वरून ठरलेली संख्या. महाराष्ट्राची साधारण सात कोटी. ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरात ४५.३४ टक्के माणसं, तीही २०११ च्या जनगणनेवर मोजलेली. तालुक्याचा इष्टांक भरला की नवा माणूस कितीही अडचणीत असो, कोणी मेलं किंवा वगळलं गेलं तरच जागा होते. माझ्या गावात २०२० च्या एप्रिलमध्ये तीन रिक्षावाले, एक सलूनवाला, एक मंडपवाला कार्ड घेऊन रोज यायचे. सगळे केशरी, सगळे बिनशिक्क्याचे. मशीनवर त्यांचं नावच उघडायचं नाही.

दुसरी गोष्ट. टीव्हीवर 'मोफत' ऐकून लोक यायचे. पण महिन्याचं नेहमीचं धान्य दोन आणि तीन रुपयांनीच होतं, मोफत तांदूळ त्याच्यावरचा आणि वेगळ्या तारखांना. पैसे मागितले की लोकांना वाटायचं मी खातोय. त्या तीन महिन्यांत माझ्यावर जितका संशय घेतला गेला तितका आधी कधी घेतला नव्हता, आणि मला राग यायचा नाही, कारण समोरच्याच्या खिशात खरंच साठ रुपये नसायचे.

अंगठ्याचं एक बरं केलं. संसर्गाच्या भीतीनं ग्राहकाचा अंगठा बंद करून दुकानदाराच्या अंगठ्यावर वाटप करायला परवानगी दिली. एरवी ज्या म्हाताऱ्यांचे अंगठे कधीच उठत नव्हते त्यांना त्या काळात पहिल्यांदा विनासायास धान्य मिळालं.

आणि पहिले तीन महिने मोफत आला तो नुसता तांदूळ. आमच्याकडची माणसं ज्वारीची भाकरी खाणारी. एका आजीनं विचारलं, "रोज रोज भातच खायाचा व्हय? दुपारच्याला पोटात ऱ्हात न्हाई." तिला डाळ द्यायची होती, कार्डामागे एक किलो. ती आमच्याकडे तांदळाच्या बऱ्याच मागून आली.

---

रोखठोक_७१ · २५ मार्च, सकाळी ९:३८

अनघाताईंच्या अनुभवाबद्दल आदर आहे. पण एक बाजू मांडतो. मोफत धान्याची सवय लागली की माणूस कामाला मिळत नाही. आमच्या भागात रेशनचा तांदूळ किलोला वीस रुपयांनी विकताना मी स्वतः पाहिलाय. ज्याला खरंच भूक आहे तो धान्य विकेल का? आणि आता तर नेहमीचं धान्यही फुकट, २०२८ च्या अखेरपर्यंत. हे पैसे कर भरणाऱ्यांचे आहेत.

---

धारावीकर_आम्ही · २५ मार्च, दुपारी १:१२

रोखठोक साहेब, ज्याला भूक आहे तोच विकतो. तांदळाबरोबर मीठ, तेल, तिखट, गॅस कोण देतं? दहा किलोतले तीन किलो विकले तर उरलेले सात शिजतात.

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिलला सापडला. त्यानंतर गल्ल्या बांबूंनी बंद झाल्या. आम्ही काही पोरं मंडळाच्या खोलीत खिचडी शिजवून वाटायचो. इथे चामड्याच्या आणि जरीच्या कारखान्यांत काम करणारी बाहेरगावची माणसं एका खोलीत दहा-बारा राहायची. त्यांची कार्डं गावाला, बायकापोरांकडे. इथे त्यांच्या नावाचा एक दाणा निघत नव्हता. बिनकार्डाच्या स्थलांतरितांना माणशी पाच किलो धान्य आणि घरटी एक किलो चणे द्यायची घोषणा झाली १४ मेला. तोवर निम्मे लोक वाटेला लागले होते.

एक गोष्ट कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. मदत करणारे कोरडा शिधा आणून द्यायचे, पीठ, तांदूळ, डाळ. त्याच्यासोबत फोटो. पण त्या खोल्यांत शिजवायला काही नव्हतं! ही माणसं खानावळीत जेवायची, खानावळ बंद. ज्यांच्याकडे छोटा सिलिंडर होता, तो भरून देणारा बंद. पाच किलो पीठ उशाशी घेऊन माणूस उपाशी झोपलेला मी पाहिलाय. जरीकाम करणारा एक मुलगा आमच्या खिचडीच्या रांगेत ते पीठ घेऊनच यायचा. म्हणायचा, हे तुम्ही घ्या, त्याच्या पोळ्या करून द्या, मला दोन पुरे, बाकी वाटा. रोज खिचडी गिळवत नव्हती त्याला. आम्ही त्याला कधी पोळ्या करून देऊ शकलो नाही, आमच्याकडे लाटणारं कोणी नव्हतं.

८ मेला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेली सोळा माणसं मालगाडीखाली गेली. रुळांवर पसरलेल्या त्या भाकऱ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला. तो फोटो पाहून मला तो मुलगा आठवतो. एप्रिलच्या शेवटी तोही चालत निघाला होता. पोचला की नाही, माहीत नाही. त्याचा नंबर नंतर लागलाच नाही.

---

गोदाकाठ · २५ मार्च, रात्री ९:५०

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्या वस्तीतली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर कोयता निघतो, घरी म्हातारी माणसं आणि लेकरं. जाताना लोक बाजरीचं पोतं सोबत नेतात, ते मार्चपर्यंत ओढायचं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की घरी, असा हिशोब. २०२० ला पट्टा पडायच्या वेळी रस्ते बंद झाले. टोळ्या कारखान्यांच्या फडावर अडकल्या. बाजरी संपलेली, जवळच्या गावात सामान आणायला गेलं तर गाववाले वेशीवरून परत पाठवायचे. आगाऊ घेतलेल्या उचलीचे पैसे आधीच खर्च झालेले. परत यायची परवानगी १७ एप्रिलला निघाली.

त्यातलं एक जोडपं आलं तेव्हा त्यांना गावाबाहेर शेतात चौदा दिवस ठेवलं. त्यांची आई, आमच्या शाळेतल्या दुसरीतल्या पोराची आजी, रोज संध्याकाळी भाकरी बांधावर ठेवून मागे सरायची आणि मग लेक येऊन उचलायचा. ते पोरगं आजीचा पदर धरून लांबून आईकडे बघायचं. सहा महिन्यांनी आई दिसलेली.

शाळा बंद झाल्या म्हणून पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ आणि डाळी पोरांच्या घरी वाटायचा आदेश आला. हिशोब पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५०. मी तागडी घेऊन मोजत होतो. कागदावर ते एका लेकराचं दुपारचं जेवण. घरी गेल्यावर ते सगळ्या घराचं होतं, आणि व्हायलाच पाहिजे. पण शाळेत जे लेकरू पोटभर जेवायचं, त्याच्या वाट्याला घरी किती आलं असेल ते माझ्या तागडीला कळत नव्हतं.

आमच्या जिल्ह्यातली आणखी एक तऱ्हा. औरंगाबाद आणि अमरावती विभाग आणि वर्धा, या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना दोन-तीन रुपयांनी धान्य मिळायचं. लोकांना वाटायचं आपल्यालाही शिक्का आहे. पण ते राज्याच्या योजनेतलं, केंद्राच्या यादीतलं नव्हे. म्हणून मोफत तांदूळ आला तेव्हा हे लोक रांगेत उभे राहिले आणि रिकामी पोती घेऊन परत गेले. एकाच रांगेत, एकाच रंगाचं कार्ड, पुढच्याला तांदूळ आणि मागच्याला नाही. ते समजावून सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते.

---

पाडा_अंगणवाडी · २६ मार्च, दुपारी ३:२५

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातून लिहिते. नेटवर्क असेल तेव्हा लिहीन.

अंगणवाडीत गरम ताजा आहार बंद झाला, मग आम्ही घरोघर कोरडं सामान पोचवलं. गहू, डाळ, चणे, तिखट, हळद, मीठ. पिशवीवर एका बाळाचं नाव. घरात खाणारी सात. महिन्याहून जास्त दिवसांचं म्हणून दिलेलं आठ-दहा दिवसांत संपायचं. अमृत आहार योजनेतली अंडीही आम्ही घरी नेऊन द्यायचो. एका घरी गेले तेव्हा आई उकडलेलं अंडं शिवायच्या दोऱ्यानं कापत होती. सुरीनं पिवळं चिकटतं, दोऱ्यानं सारखे चार भाग होतात. चार भावंडं समोर बसलेली. ज्याच्या नावाचं अंडं त्याला एक भाग. मी काय बोलणार? वजनकाटा तेव्हा बंद ठेवायला सांगितला होता, गर्दी नको म्हणून. मुलं सुकत होती ते डोळ्यांना दिसत होतं, पण रजिस्टरमध्ये लिहायला आकडाच नव्हता.

आमच्याकडे उन्हाळा हा रोख पैशाचा हंगाम. जव्हार, विक्रमगडकडे लोकांनी मोगरा लावलाय. पहाटे कळ्या खुडायच्या, त्या दादरच्या फुलबाजारात जायच्या. त्या वर्षी बाजार बंद, देवळं बंद, लग्नं बंद. कळ्या झाडावरच फुलल्या. पाड्यावर रात्रभर वास यायचा आणि घरात तेल नसायचं. वीटभट्टीवर गेलेली कातकरी माणसं उचलीचा हिशोब न होताच रिकाम्या हातानं आली.

मग जून लागला आणि जंगलानं सांभाळलं. शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी. नागलीचं पीठ असलं तर भाकरी, नाहीतर पेज. खावटी, म्हणजे आदिवासी कुटुंबांना मिळणारं अनुदान, मंजूर झाल्याचं ऑगस्टमध्ये ऐकलं, कुटुंबामागे चार हजार, निम्मे रोख, निम्म्याच्या डाळी आणि तेल. किट हातात आलं ते पुढच्या वर्षी. किट चांगलं होतं हो. मटकी, चवळी, शेंगदाणा तेल, मसालासुद्धा. पण भूक २०२० ची होती.

---

निफाड_द्राक्षे · २६ मार्च, रात्री ८:१५

आमच्या घरी खायला होतं, ते आधीच सांगतो. शेतकऱ्याच्या घरात गहू-बाजरी असते. पण त्याच दिवसांत मी दीड एकर कोबीवर रोटर फिरवला. मुंबई-पुण्याच्या बाजार समित्या कधी चालू, कधी बंद. गाडी भरून न्यायची आणि गेट लागलेलं असायचं. मजूर नाहीत, गोणी नाहीत, ड्रायव्हर यायला तयार नाही. द्राक्षं आम्ही ओट्यावर वाळवून बेदाणे केले, कोबीचं काय करणार? त्याआधी फेब्रुवारीतच कोंबडीनं कोरोना होतो अशी अफवा उठली, शेजाऱ्यानं पोल्ट्रीतले पक्षी कवडीमोल काढले. अनघाताई, तुमची डाळ पाव किलोवर आली त्या दिवसांत इथे कोबी मातीत जात होता. दोनशे किलोमीटरचं अंतर. मला ते अजून सलतं.

---

आहार_नागपूर · २७ मार्च, सकाळी ११:३०

मी आहारतज्ज्ञ आहे. घरातली अन्नाची ओढाताण मोजायला राष्ट्रसंघाच्या अन्न आणि कृषी संघटनेची आठ प्रश्नांची पद्धत जगभर वापरतात. प्रश्न साधे आहेत. पैसे नाहीत म्हणून जेवण पुरेल की नाही याची काळजी वाटली का. पौष्टिक खाता आलं नाही, असं झालं का. दोन-तीनच पदार्थांवर भागवावं लागलं का. एखादं जेवण टाळावं लागलं का. हवं त्यापेक्षा कमी खाल्लं का. घरातलं अन्न संपलं का. भूक असून खाल्लं नाही, असं झालं का. आणि शेवटचा, अख्खा दिवस उपाशी गेला का.

या धाग्यावरच्या एकाही माणसाला 'तुम्ही उपाशी राहिलात का?' असं सरळ विचारलं असतं तर बहुतेकांनी 'नाही' म्हटलं असतं. म्हणूनच हे प्रश्न चढत्या क्रमानं विचारतात. भूक आधी काळजी म्हणून घरात येते. मग भाजी जाते, फळ जातं, दूध फक्त चहापुरतं उरतं, डाळ पातळ होते. पोळी सगळ्यात शेवटी कमी होते. आणि ती आधी बाईच्या ताटातून कमी होते.

हे टाळेबंदीनं जन्माला घातलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी महाराष्ट्रात २०१९ मध्ये झाली, म्हणजे साथीच्या आधी. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी होती, २५.६ टक्के उंचीच्या मानानं कृश, आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. साथ आली ती अशा शरीरांवर आली. ज्या बाईचं रक्त आधीच कमी, तिनं चहावर उपवास धरले. अनघाताई, तुम्ही रक्त तपासून घेतलंत का कधी? हे मी मनापासून विचारतेय.

---

अनघा_पुणे · २७ मार्च, रात्री १०:०५

सगळ्यांचं दोनदा वाचलं. निफाडच्या दादांनी स्वतःला दोष देऊ नये. पाडा अंगणवाडी ताई, दोऱ्यानं कापलेलं अंडं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

आहार ताई, तुमचे आठ प्रश्न मी एका कागदावर लिहून नवऱ्यापुढे ठेवले. त्यांनी पेन घेतलं आणि पहिल्या सातांपुढे 'हो' लिहिलं. आठव्यापाशी थांबले. मी म्हटलं, तो आपला नाही, आपण अख्खा दिवस कधी उपाशी नव्हतो. ते म्हणाले, "तू नव्हतीस." मेमध्ये ते व्हॅन घेऊन भाजी विकायला म्हणून पहाटे जायचे, डबा नको म्हणायचे, बाहेर काहीतरी खाईन म्हणायचे. मला वाटायचं पाच रुपयांची शिवभोजन थाळी घेत असतील. काही दिवस घेतलीही. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. पण दुपारी उशीर झाला की थाळ्या संपलेल्या असायच्या, आणि रांगेत ओळखीच्या मुलांचे आईवडील दिसले की ते निघून यायचे. पाच वर्षांनी मला हे आज कळलं.

रक्त तपासलं होतं २०२१ मध्ये, वेगळ्या कारणानं. हिमोग्लोबिन ८.४ होतं. गोळ्या घेतल्या, आता ११ च्या वर आहे.

---

रोखठोक_७१ · २८ मार्च, सकाळी ८:१०

तीन दिवस वाचतोय. योजना कायम फुकट असाव्यात का, यावर माझं मत अजून तेच आहे, ते मी बदललं असं खोटं लिहिणार नाही.

पण अनघाताईंच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींबद्दल वाचलं आणि मला आमच्या सोसायटीची मीटिंग आठवली. कामवाल्यांना गेटच्या आत घ्यायचं नाही असा ठराव झाला, मी त्या समितीत होतो. आमच्या घरी बारा वर्षं काम करणाऱ्या बाईंना मी एप्रिलचा पगार दिला. मेमध्ये मुलानं विचारलं, अजून किती महिने देणार? आणि मी थांबवला. माझी पेन्शन एक दिवसही थांबली नव्हती. त्या ऑगस्टमध्ये परत आल्या तेव्हा बारीक झालेल्या दिसल्या. मी विचारलं, बरं नव्हतं का? त्या म्हणाल्या, बरं होतं. मी पुढे विचारलं नाही.

---

गोदाकाठ · २८ मार्च, सकाळी ८:४४

काका, हे इथे लिहिलंत, हे फार केलंत.

---

शिधावाटप_सातारा · २८ मार्च, दुपारी २:००

काका, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर एवढंच सांगतो. क्विंटलमागे मिळणाऱ्या मार्जिनवर मी दुकान चालवतो, तेव्हा धान्य इकडचं तिकडे होतं हे मला कोणी सांगायला नको. चोरी होते. ती पकडावी. पण साथीत, पुरात, दुष्काळात आधी पोतं उघडावं, यादी नंतर तपासावी. त्या वर्षी देशाच्या गोदामांत धान्य राखीव साठ्याच्या दुपटीहून जास्त होतं. तरी मी पाच जणांना 'नाव उघडत नाही' म्हणून परत पाठवत होतो, आणि माझ्या मागे पोत्यांची थप्पी त्यांना दिसत होती.

---

अनघा_पुणे · २८ मार्च, रात्री ९:१८

दादा, एक विचारायचं होतं. आज धाग्याबद्दल सांगायला मावशींकडे गेले, तर त्यांनी वेगळंच सांगितलं. सध्या रेशनसाठी आधारवर ओळख पटवायची ई-केवायसी चालू आहे ना, त्यांचा अंगठा मशीनवर उठतच नाही. आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्यात. दोनदा परत आल्या. नाव कापलं जाईल अशी भीती आहे. मुलगा कामावर जातो, सोबत कोणी नाही. उद्या सकाळी मी त्यांना घेऊन दुकानावर जातेय. काय काय सोबत न्यायचं?

---

शिधावाटप_सातारा · २८ मार्च, रात्री ९:३१

मूळ कार्ड, घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, आधारला जोडलेला मोबाइल. रात्री बोटांना खोबरेल तेल चोळायला सांगा, सकाळी कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करा. अंगठ्यावर अडून बसू नका, दहाही बोटं लावून बघा, बहुतेक वेळा करंगळी किंवा अनामिका उठते. नाहीच उठलं तर नव्या मशीनला डोळ्यांचा स्कॅनर आहे, तो लावायला सांगा. मोबाइलवर चेहरा दाखवून करायचं ॲपही आहे. तेही नाही झालं तर 'प्रयत्न केला' अशी दुकानदाराकडून लेखी नोंद घ्या आणि १९६७ वर फोन करून तक्रार क्रमांक मागा.

सकाळी लवकर जा. अकरानंतर सर्व्हर बसतो.